तात्पुरता टेकू

मी टेकू बोलतोय. जरा कान द्या, पण जवळ येऊ नका. मोठ्याने बोलण्याइतका दम माझ्यात उरलेला नाही आणि जवळ येण्यासारखी ही जागा उरलेली नाही.

दिवाणखान्याच्या मधोमध जो बदामी रंगाचा गुळगुळीत खांब दिसतोय, येणारा प्रत्येक पाहुणा ज्याची तारीफ करून जातो, तो मी नव्हे. ते माझं पांघरूण. मी त्याच्या आत उभा आहे. या घडीला घरात माझ्याशिवाय एकच माणूस आहे, आणि त्याने बाहेर जायला हवं. तो जात नाहीये. का जात नाही ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल. तेवढा वेळ माझ्याकडे आहे, असं धरून चालू.

जन्माने मी निलगिरीचं झाड. एका माळावर आम्हाला ओळीने लावलं होतं, शाळेत मुलं प्रार्थनेला उभी असतात तसं. दाट सावली धरावी, पाखरांनी अंगाखांद्यावर नांदावं, असली स्वप्नं आमच्यात कुणी पाहत नसे. सरळ वाढायचं आणि लवकर कापलं जायचं, हे आम्हाला रोप असल्यापासून ठाऊक. माणसाच्या मांडीएवढा जाड झालो तेव्हा कुऱ्हाड आली. माझी साल सोलली, दोन्ही टोकं सपाट केली, उन्हात चांगलं वाळवलं आणि ट्रकमध्ये आडवं टाकून एका सेंटरिंगवाल्याच्या आवारात आणून टाकलं.

ज्याने घर बांधलंय त्याला सेंटरिंग सांगायला नको. ओला स्लॅब तान्ह्या मुलासारखा असतो, त्याला स्वतःची मान सावरत नाही. तो पक्का होईपर्यंत खालून फळ्या लावायच्या आणि फळ्यांना आमच्यासारख्या बल्ल्यांचा टेकू द्यायचा. आवारात जुने टेकू होते, टोकं झिजलेले, अंगावर सिमेंटचे डाग मिरवणारे. त्यांनी आम्हा नव्यांना धंद्याची रीत शिकवली. वजन घ्यायचं, कुरकुर करायची नाही, आणि वरचं काम पक्कं झालं की निमूट बाजूला व्हायचं.

टेकू काढायचा दिवस हा आमचा आनंदाचा दिवस. मिस्त्री पायाखालची पाचर ठोकून सैल करतो, डोक्यावरचं ओझं हळूच उतरतं, आणि दिवसभर राबलेलं माणूस अंथरुणाला पाठ टेकताना जसा उसासा सोडतं तसा आम्ही सोडतो. वर बघावं तर स्लॅब आपला आपण उभा. त्यात आमचं नाव कुठेच नसतं, आणि त्याचं आम्हाला वाईटही वाटत नाही. तात्पुरतं असण्यात कमीपणा नाही. फक्त आपण तात्पुरते आहोत हे कुणाच्या तरी लक्षात राहायला हवं.

अशी कितीतरी घरं मी पेलली आणि माणसांचा एक स्वभाव ओळखला. घर बघायला आलेला माणूस फरशीची चमक बघतो, रंगाची छटा बघतो, नळ उघडून बघतो, खिडकीला नवी कडी असली तर ती दोनदा लावून बघतो. हे छत कशावर उभं आहे, असं विचारणारा मला क्वचितच भेटला. विचारलंच तर लोक त्याच्याकडे असं बघतात, जणू लग्नघरात त्याने आजारपणाचा विषय काढला.

मग मी या घरात आलो.

घर जुनं, एकमजली, विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकलेला. आजोबांनी तरुणपणी बांधलेलं. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एक जाड भिंत होती, आणि सुनेला ती नको होती. नात तेव्हा रांगत होती. गुटगुटीत आणि हट्टी, म्हणून सगळे तिला ठमी म्हणत. सून ओट्याशी आणि ठमी भिंतीपलीकडे. "मी भाजी परतू की ही काय तोंडात घालतेय ते बघू?" सून म्हणायची. तिचं म्हणणं रास्तच होतं. मुलाने मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्रीने भिंत पाहिली, छत पाहिलं आणि सांगितलं की ही भिंत वजन पेलतेय, काढायची तर तिच्या जागी लोखंडी गर्डर घालावा लागेल. मुलाने मान डोलावली आणि गर्डर मागवला. तो येईपर्यंत मिस्त्रीने भिंत थोडी थोडी उतरवत स्लॅबखाली एक लाकडी तुळई सरकवली. तुळईची टोकं दोन्हीकडच्या उरलेल्या भिंतींत खोचली, आणि मधोमध, जिथे वजन सगळ्यांत जास्त, तिथे मला उभं केलं. उभं करण्याआधी त्याने हातोडीने मला ठोकलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "भरीव आहे." मग पायाखाली पाचर मारून मला घट्ट केलं. तो आवाज अजून माझ्या अंगात आहे.

आता आजोबांविषयी सांगतो, कारण सगळी गोष्ट त्यांच्या हातावर येऊन थांबते. हात म्हणजे खरोखरचा हात. आजोबांनी जन्मभर कापडाचं दुकान चालवलं. समोर तागा आला की ते डोळे मिटायचे, अंगठा आणि दोन बोटांत कापड चोळायचे आणि कोणत्या सुताचं, किती टिकेल, धुतल्यावर आटेल का, सगळं सांगून मोकळे व्हायचे. व्यापारी त्यांच्या हाताला टरकून असत. तो हात चुकत नाही अशी बाजारात ख्याती होती, आणि त्या ख्यातीवर सगळ्यांत जास्त विश्वास खुद्द आजोबांचा होता.

घराचं काम निघालं तशी देखरेख त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. मुलगा सकाळी जायचा तो दिवेलागणीला उगवायचा, त्यामुळे राज्य आजोबांचंच. कामाच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस मी पाहिलेला नाही. फरशीच्या सांध्याला नख अडकलं म्हणून त्यांनी बसवलेली लादी उचलायला लावली. रंगारी तर त्यांची काठी वाजली की आपणहून पॉलिश पेपर हातात घ्यायचा. काम झालं की आजोबा यायचे, डोळे मिटून सगळा तळहात फिरवायचे, आणि तो कुठेही अडला नाही तरच काम पास. बाकी कशाला ते विचारत नसत. ज्याने आयुष्यभर पोत पाहिला, त्याला घरालाही पोतच असतो असं वाटलं.

आणि मिस्त्रीचं काम दिसायला ओबडधोबड, हे कबूल करायला हवं. बोलणंही तसंच. एका दुपारी आजोबांनी भिंतीच्या उरलेल्या तुकड्यावर हात फिरवला आणि झटकन मागे घेतला.

"मिस्त्री, भिंत आहे का किसणी?"

"शेठ, अजून लोखंड बसायचंय. तेव्हा हे परत फोडायचंच आहे. आत्ताच गुळगुळीत करून कुणाला दाखवायचंय?"

"मला. ज्याला वरचं जमत नाही, त्याचं आतलं काय असणार ते मला न बघता कळतं."

"न बघताच कळत असेल तर मग आम्ही कशाला?"

"मला शिकवू नका. हात लावून माल ओळखण्यात माझी हयात गेलीय."

"मग कापडाचंच घर बांधायचं होतं," मिस्त्री म्हणाला.

सून ओट्याशी होती, तिने हसू दाबलं. ते आजोबांनी पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. असलं राकट काम माझ्या घरात नको, म्हणाले. मिस्त्रीही काही कमी नव्हता. त्याने थापी, ओळंबा, हातोडी, सगळं पोत्यात भरलं आणि निघाला. दारापाशी मात्र त्याचे पाय थबकले. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तो टेकू तेवढा काढू नका," तो म्हणाला.

पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. गर्डर येईपर्यंत. दोनच शब्द होते. पण समोर आजोबा पाठ फिरवून उभे होते, आणि पाठीशी कोण बोलणार? मिस्त्रीने ते शब्द गिळले आणि चपला सरकवल्या. "गर्डर आला की बोलावतील झक मारत," असं फाटकापाशी पुटपुटून तो गेला. कुणी बोलावलं नाही, आणि चौकशी करायला त्याचा ताठा त्याला येऊ देईना. माझा जीव त्या दिवसापासून दोन माणसांच्या रुसव्यात अडकला.

आजोबा शब्दाचे पक्के. मिस्त्रीचा कितीही राग आला तरी त्याची सूचना त्यांनी धाब्यावर बसवली नाही. टेकू काढू नका म्हणाला ना? नाही काढला.

त्यातच आजोबांच्या लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदा या घरी राहायला येणार असं ठरलं, आणि सगळ्यांची धांदल उडाली. घरात पसारा, मधोमध मी उघडानागडा, अंगावर सिमेंटचे ओघळ. आजोबांनी एक सुतार शोधून आणला. बोलायला मृदू, हाताला हलका. त्याने रंधा मारलेली फळी आजोबांनी एकदा चाचपली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हा खांब असा झाका की बघणाऱ्याला वाटावं, मुद्दाम केलाय," त्यांनी सांगितलं.

"होईल काका," सुतार म्हणाला.

आत काय आहे, कशासाठी आहे, हे त्याने विचारलं नाही. झाकायला सांगितलं होतं, तो झाकत गेला. तुळई दिसू नये म्हणून खालून खोटं छत केलं. माझ्या चारी बाजूंनी प्लाय ठोकला, त्यावर बदामी रंगाचा पातळ लाकडी पापुद्रा चिकटवला, एका अंगाला पार छतापर्यंत जाणारं कपाट काढलं. काम इतकं सुबक की मलाच संकोच वाटला. शेवटची फळी बसवताना उजेडाची एक उभी रेघ उरली होती. ती बारीक होत गेली आणि मिटली. इतकी घरं पेलली, पण मला भीती अशी पहिल्यांदा तेव्हा वाटली. टेकूला आत कोंडून कुणी दार लावत नाही.

बाहेरून आजोबांचा हात फिरला. वरून खाली, खालून वर, कुठेही न अडता.

"रेशीम," ते म्हणाले.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी गर्डर आला. हमालांनी तो मागच्या अंगणात धाडकन टाकला, आणि त्या आवाजाने मी सुखावलो. आता मिस्त्री येईल, फळ्या निघतील, माझी सुटका होईल. संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा त्यानेही विचारलं.

"बाबा, गर्डर मागे पडलाय. मिस्त्री कधी लावणार?"

"मिस्त्रीचं काम संपलं. त्याने लाकडाचा खांब दिलाय मध्ये, आणि काढू नका म्हणून बजावून गेलाय. म्हणजे कायमचाच की, आता लोखंड नको."

"पण मग गर्डर..."

"अरे, हात तर फिरवून बघ."

मुलाने हात फिरवला. तो दमून आला होता, सकाळी पाहुणे यायचे होते, आणि खांब खरोखरच देखणा होता. "मस्तच झालंय," तो म्हणाला. मिस्त्रीला एकदा विचारायला हवं, असंही तो म्हणाला, पण स्वतःशी. स्वतःशी म्हटलेल्या गोष्टींचं माणसं काय करतात, हे मी त्याआधीही पाहिलं होतं.

गर्डर तसाच पडून राहिला. मग सुनेने त्यावर कोरफडीची कुंडी ठेवली, नंतर गुलाबाची, नंतर ओळच लागली. मागचं दार उघडलं की वाऱ्याबरोबर त्याच्या गंजाचा वास फटीतून माझ्यापर्यंत येतो. जो माझी सुटका करायला आला होता, तो कुंड्या सांभाळत बसला.

पाहुणे आले आणि खूश होऊन गेले. मग शेजारीपाजारी आले. आजोबा प्रत्येकाला खांबापाशी आणायचे, "हात फिरवून बघा," म्हणायचे, आणि लोक बघायचे. गल्लीतल्या एका घराने तर आमचं पाहून आपलीही भिंत काढली. त्यांच्या छताखाली काय आहे कोण जाणे.

मला बाहेरचं धड दिसत नव्हतं, पण वजनावरून आणि बोलण्यावरून सगळं कळायचं. आजोबांचं जड पाऊल, सुनेचं लगबगीचं, ठमीचं दुडूदुडू आणि नंतर धावतं. तिची उंची माझ्याच अंगावर मोजायचे. ती पाठ टेकून ताठ उभी राहायची आणि आजोबा पेन्सिलीने बारीक खूण करायचे. तिची टाळू माझ्यापासून बोटभर अंतरावर असायची. वर तुळई, तुळईवर अख्खा स्लॅब. मी श्वास रोखून उभा राहायचो.

फरशी रोज पुसली जाते आणि पाण्याला वाट शोधायला कुणी शिकवावं लागत नाही. फळीच्या तळाशी केसाएवढी फट होती. तिथून रोज थोडं पाणी आत यायचं आणि माझ्या पायाखालची पाचर ते प्यायची. आधी पाचर मऊ झाली. मग वाळवी आली.

वाळवीबद्दल मी वाईट बोलणार नाही, ती आपलं पोट भरते. पण तिचं काम बघून माझ्या अंगावर काटा आला, तो तिच्या सफाईने. वरचा थर ती शाबूत ठेवते. कुठे ओरखडा नाही, भोक नाही. आतलं मात्र सगळं नेते. आजोबांनी हात फिरवला असता तर तिचंही काम त्यांनी पास केलं असतं.

खांबाच्या बुडाशी मातीची एक बारीक रेघ उमटू लागली. बाहेर पाठवता येईल असा तेवढाच एक निरोप माझ्याकडे होता. सून स्वच्छतेची मोठी भोक्ती, ती रोज सकाळी ओल्या फडक्याने माझा निरोप पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाठवायचो.

मग कपाटाचं दार अडकू लागलं. सुताराला बोलावलं. "दमट हवा आहे, लाकूड फुगतं," म्हणाला आणि दाराची वरची कड रंधून गेला. आजोबांनी कडेवरून बोट फिरवलं, खूश झाले. काही महिन्यांनी दार पुन्हा अडकलं, पुन्हा रंधा फिरला. लाकडावर आळ घेणं सोपं असतं, ते उलटून बोलत नाही.

खरं ते एकट्या ठमीला ऐकू आलं. खांबाला कान लावायची तिला सवय होती.

"आजोबा, खांब काहीतरी खातोय."

"कसा गं आवाज येतो?"

"कर कर कर कर."

"भूक लागली असेल बिचाऱ्याला," आजोबा म्हणाले आणि घर हसलं. ठमीने मात्र मनावर घेतलं. कितीतरी दिवस ती आपल्या बशीतलं अर्धं बिस्किट माझ्या बुडाशी ठेवून जायची. एवढी माया मला कुणी लावली नव्हती, आणि नेमकी तीच रोज माझ्याखाली खेळत होती.

काळ कुणासाठी थांबत नाही, आजोबांसाठीही नाही थांबला. आताशा त्यांच्या बोटांना पूर्वीसारखं कळत नाही. चहाचा कप गरम आहे की गार, हे त्यांना ओठाला लावल्यावर समजतं. शर्टाचं बटण शोधायला ते आरशात बघतात. हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. अजूनही ते प्रत्येक गोष्टीवरून तळहात फिरवतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात. त्या हाताचं वजन रोज माझ्या पांघरुणावर पडतं, म्हणून मला ठाऊक. पूर्वी तो हात विचारायचा. आता तो नुसता फिरतो.

ठमी मोठी झाली, तिला स्वतःची खोली हवी झाली. गच्चीवर खोली बांधायचं ठरलं. नवा ठेकेदार आला, पायात चकचकीत बूट, बोलण्यात घाई. त्याने एवढं मात्र विचारलं, "खालचं काम भक्कम आहे ना?"

माझा जीव कानांत गोळा झाला. आजोबा त्याला घेऊन माझ्यापाशी आले.

"हात फिरवून बघा."

त्याने फिरवला. "वा," म्हणाला, आणि गच्चीवर जिना चढून गेला.

मग विटा आल्या. कडेला रचल्या तर रस्त्यावर पडतील म्हणून गच्चीच्या मधोमध रचल्या, नेमक्या माझ्या डोक्यावर. नंतर वाळू आणि सिमेंटची पोती आली. प्रत्येक घमेल्यागणिक तुळई माझ्या माथ्यात थोडी थोडी रुतत होती आणि माझे पाय चिखल झालेल्या पाचरेत उतरत होते. खोट्या छताला एक बारीक चीर गेली. आजोबांनी त्यात पुट्टी भरून घेतली, घासून घेतली आणि वर हात पोचेना म्हणून स्टुलावर चढून पास केली. ठमीने त्या दिवशी कान लावला आणि आईला सांगितलं, "आता तो खात नाहीये. आता कण्हतोय." आई शाळेच्या डब्याच्या गडबडीत होती.

आज सकाळी कपाटाचं दार मुळीच उघडेना. आत ठमीचं दप्तर. ती रडकुंडीला आली, मुलगा कामावर निघून गेलेला, शेवटी सुताराला बोलावलं. त्याने कसंबसं दार उचकटून काढलं, दप्तर दिलं आणि सवयीने रंधा उचलला. मग तो थांबला. दाराच्या वरच्या कडेला घासण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तो बराच वेळ वर बघत राहिला.

"काका, मी या दाराच्या वर दोन बोटं फट सोडली होती. शिवाय दोनदा घासलं. इतकं लाकूड फुगत नसतं."

"मग?"

"दार वर जात नाहीये. छत खाली येतंय."

सुताराने गुडघे टेकले आणि खांबाच्या बुडाची फळी उचकटली. भुसभुशीत माती फरशीवर सांडली. इतक्या वर्षांनी माझ्या पायांवर उजेड पडला. त्याने पटाशी घेतली आणि माझ्यावर टेकवली. ठोकलीही नाही, नुसती दाबली. ती मुठीपर्यंत आत गेली. मला दुखलं नाही, कारण दुखायला तिथे काही उरलेलं नव्हतं.

"हे काय झाकलं मी?" तो पुटपुटला. "काका, हा खांब नाही. हा तर टेकू आहे."

"मिस्त्री काढू नका म्हणाला होता," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"कशापर्यंत काढू नका म्हणाला होता?"

मागचं दार उघडं होतं. आजोबांची नजर तिकडे गेली, कोरफड, गुलाब, आणि कुंड्यांखालचा तो लांबलचक गंजका गर्डर. त्यांना सगळं एकदम समजलं. मला त्यांची कीव आली. ज्या माणसाने उभ्या जन्मात खोटा माल घरात घेतला नाही, त्याने सगळं घर एका सडक्या लाकडावर उभं ठेवलं होतं, वर रेशीम चढवून.

पण ते डगमगले नाहीत, एवढं मात्र सांगायला हवं. "सूनबाई, ठमीला घेऊन बाहेर जा. चपला घालत बसू नका." सून काही विचारायला वळली, त्यांचा चेहरा पाहिला आणि पोरीला हाताला धरून निघाली. गच्चीवरचे मजूर बाहेरच्या जिन्याने खाली उतरले. सुतार म्हणाला, "तो मिस्त्री माझ्या ओळखीचा आहे, पलीकडच्या गल्लीत काम करतोय. त्याला आणतो, लोखंडी टेकूही आणतो. काका, तुम्हीही बाहेर व्हा." आणि तो धावत सुटला.

आजोबा दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर थांबले. आणि वळून परत आले.

आता ते माझ्यासमोर उभे आहेत. दोन्ही तळहात त्यांनी खांबावर दाबून धरलेत, सगळं बळ लावून, जणू आता ते मला टेकू देणार आहेत. "थोडं थांब रे," म्हणतायत. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

आजोबा, ऐका. मी नाही म्हणत तुमच्या हातात जादू नव्हती. पण तळहाताने स्लॅब पेलत नाही. मिस्त्री येतोय, गल्लीच्या तोंडाशी लोखंड खणखणतंय, मला ऐकू येतंय. तो आला की ठोकेल, ऐकेल, जे करायचं ते करेल, आणि या खेपेला तुम्ही त्याला सगळं वाक्य पुरं करू द्या. पण तो पोचेपर्यंत मी उभा राहीन, असा शब्द मी देऊ शकत नाही. विटा वर आहेत आणि खाली मी फक्त सालीएवढा उरलोय.

तुम्हाला कळावं म्हणून मी थरथरतोय. नखशिखांत थरथरतोय, आजोबा. एवढी थरथर तुमच्या जुन्या हाताला भिंतीपलीकडूनही कळली असती.

त्यांनी डोळे मिटलेत. तळहात वरून खाली फिरवतायत, सावकाश, पूर्वीसारखा.

"घट्ट आहे अजून," ते म्हणतात.

बाहेरून ठमी हाका मारतेय. आजोबा, हात काढा आणि तिच्याकडे जा.